अंधार झाल्यावर एकदा

दिवा गेला. म्हणजे नुसताच गेला. ना खट् झालं, ना लुकलुकला, ना आधी मंद झाला. हुबळीहून आलेल्या कंपनीच्या महादेवप्पानं चेअरमनच्या टेबलावर एक पेटी उघडली होती आणि पेटीत आमच्या सूतगिरणीची भातुकली मांडली होती. बोटभर दिवे, प्रत्येकाखाली चिकटवलेली पट्टी : रिंग फ्रेम, कार्डिंग, पंप, ऑफिस, आणि अगदी कडेला क्वार्टर. त्यानं बटण फिरवलं, काटा लाल रेघेला टेकला, आणि कडेचा दिवा गेला. बाकीचे जिथल्या तिथं जळत राहिले. "बघा साहेब, कुणाचा हात नको, कुणाचं ध्यान नको. कुणाला कधी बंद करायचं ते मशिनलाच कळतंय," महादेवप्पा म्हणाला. चेअरमन बसवंतप्पांनी "भले!" म्हणून मांडीवर थाप मारली. मॅनेजर गुंडेरावांनी चष्मा पुसला. आणि माझ्या पोटात गोळा आला. हा शब्द माझा नव्हे, पार्वतीचा, माझ्या बायकोचा. लाइट गेली की माझ्या पोटात गोळा येतो, असं ती म्हणायची, आणि मी आपला हसायचो. म्हणायचो, गोळा लाइटचा न्हवं, हुलग्याच्या माडग्याचा. आज खेळण्यातला एवढासा दिवा गेला आणि भर दुपारी, चार माणसांत बसल्या जागी मला कळलं ती काय सांगत होती. तिला जाऊन एक हिवाळा उलटल्यावर कळलं. आता कळून कुणाला सांगू?

बिदरजवळच्या नौबादच्या पुढं माळावर आमची गिरणी. तिला वीज तोलून मिळते. ठरल्या मापाच्या वर ओढली की दंड. दिवसभर जमून जातं, पण संध्याकाळी क्वार्टरमधले दिवे लागले, पंप सुरू झाला, की बोर्डावरचा काटा लाल रेघेकडं सरकायला लागतो, आणि तेव्हा काहीतरी बंद करावंच लागतं. सूत कातणारी रिंग फ्रेम बंद करता येत नाही. केली तर हजारो चात्यांवरचं सूत एकदम तुटतं आणि पाळी संपेपर्यंत माणसं टोकं जोडत बसतात. म्हणून क्वार्टर. पहिल्यापासून क्वार्टरच. त्यासाठी बोर्डापुढं एक माणूस उभा राहतो : डोळा काट्यावर, हात लाकडी मुठीच्या खटक्यावर. कैक वर्षं तो माणूस मी होतो. आता मी सुपरवायझर, आणि माझ्या जागी राघोबा. आता निवडायचं होतं ते एवढंच, की महादेवप्पाची पेटी कपाटाएवढी करून आणायची आणि सगळं तिच्यावर सोडायचं, की नुसतं घंटीचं मीटर बसवायचं. म्हणजे काटा रेघेजवळ आला की घंटी वाजेल आणि खटका माणूसच ओढेल, आजवर ओढत आला तसा. गुंडेरावांचा जीव घंटीत. स्वस्तात काम. चेअरमन म्हणाले, "आमाला काय कळतंय त्यातलं? भीमराज सांगंल ते. करंटचा माणूस हाय तो." इतर वेळी माझ्या घरचा चहा घ्यायचा म्हटलं की ह्यांच्यातल्या किती जणांचा उपास निघतो ते मला माहीत आहे, पण करंट म्हटला की भीमराज. मी तोंडातल्या तोंडात हसलो. म्हटलं, उद्या सांगतो.

बाहेर पडलो तो सवयीनं बोर्डाच्या खोलीत गेलो. तेच काळं बोर्ड, उघडे खटके, मुठीवर माणसांच्या तळव्यांनी आलेली झिलई. ह्या मुठीवर माझ्या आधी अंकुशरावांचा हात होता. मंठाळचा माणूस, उंचापुरा, बोलायला मिठ्ठास. मला काम त्यांनीच शिकवलं. "बोर्डाला पाठ दावू नगं आन छातीबी दावू नगं. तिरपं उभं ऱ्हा, पावन्याच्या दारात उभं ऱ्हावं तसं," म्हणायचे. तेच एका पावसाळ्यात, भिंतींना ओल आलेली असताना, पायाखालचं रबर फाटलेलं असताना, खटका ओढायला गेले आणि गेले. क्वार्टरमध्ये लाइट गेली. रोज जात होती, तशी. त्यांच्या बायकोची, गीताबाईची भाकरी तव्यावर होती. ती दारात आली, गिरणीकडं तोंड करून सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं बोलली, "अगं बया, माझी भाकर तव्यावर असतानाच बरं सुचतंय ह्या माणसाला! येऊ द्या घरला, करपलेलीच वाढती." बाया हसल्या. पार्वती नवी नवरी, तीही पदरात तोंड घालून हसली. गीताबाईनं कंदील लावला आणि परत थापायला बसली. टोपलीत चांगली चळत झाली होती तेव्हा आम्ही पोचलो. पुढं मी होतो. मला बघून म्हणाली, "काय भाऊजी, तुमच्या मास्तराला भूक लागली का काय?" मी काय बोललो ते मला आठवत नाही. त्या भाकरींचा वास मात्र अजून येतो, आणि आला की मी जेवणावरून उठतो. पुढं कितीतरी दिवस गीताबाई पार्वतीचा हात धरून एकच म्हणत राहिली, "त्येनी मेल्यावर शिव्या दिल्या गं मी. मेल्यावर." मग भाऊ येऊन तिला मंठाळला घेऊन गेला.

त्यानंतर आमच्या क्वार्टरमध्ये एक रीत पडली. ती कुठल्या नियमात नाही, आणि दुसऱ्या कुठल्या गिरणीत असेल असं वाटत नाही. ओळीतल्या बाया एका सकाळी माझ्याकडं आल्या, म्हणाल्या, घालवायची तर खुशाल घालवा, पण सांगून घालवा. तेव्हापासून क्वार्टरची लाइट घालवायच्या आधी बोर्डावरच्या माणसानं ती दोनदा लुकलुकवायची. म्हणजे, मुद्दाम घालवायलोय, माणूस जागेवर हाय, कंदील लावून घ्या. तोपर्यंत बाया काडेपेटी शोधायच्या, तवा उतरवायच्या. आणि न सांगता गेली तर? एकदा वाऱ्यानं बाभळीची फांदी तारेवर पडली, लाइट गपकन् गेली, आणि सगळी ओळच्या ओळ, पीठ लागल्या हातांनी, अनवाणी, गेटावर आली. पहारेकरी घाबरून शिट्टी फुंकायला लागला; त्याला वाटलं संप झाला. मी बाहेर येऊन उभा राहिलो तेव्हा पार्वती पुढं आली. माझ्या शर्टाची बाही नुसती चिमटीत धरली, आणि पिठाचा डाग पडला.

पण तिचं समाधान दोन लुकलुकींनी होईना. एके दिवशी भांडीच आदळायला लागली. "काय झालंय?" म्हटलं. "काय न्हाई." "मग भांड्यांचा कामून जीव घ्यायलीस?" तशी फणकाऱ्यानं वळली. "तुमी दोनदा सांगताव, मग खटका वढताव. वढतानाच काय झालं तर? अंकुशदादांला वढतानाच झालं न्हवं? दोनदा सांगून गेलेल्या माणसाचं मला कसं कळायचं?" तेव्हा तिसरं ठरलं, आमच्या दोघांचं : अंधार झाल्यावर एकदा. खटका ओढायचा, श्वास घ्यायचा, आणि एकदाच क्षणभर लावून पुन्हा ओढायचा. अंधारात सगळ्या ओळीवरून एक उजेड येऊन जायचा. तो म्हणजे मी. मी हाय. आणि ती गप्प बसणारी नव्हेच. तिनं आपलीही सोय लावली. मी तिला बिदरच्या बाजारातून इस्त्री आणली होती. दोन लुकलुकी झाल्या की ती इस्त्रीचं बटण दाबायची, क्षणभर, आणि माझ्या बोर्डावर क्वार्टरच्या लाइनीचा काटा केसाएवढा उठायचा. ऐकलं. मग मी ओढायचो. कडक इस्त्रीचा शर्ट माझ्या अंगात क्वचितच दिसला, पण इस्त्री मात्र रोज तापायची. बायांना काटा कुठला दिसणार, पण अंधारातला तो उजेड सगळ्यांना दिसायचा. त्याला त्या भीमराजचं शेपूट म्हणायच्या. "आली बघ गं पारू तुझी चिठ्ठी, जेव आता," असं ओळीतून ओरडायच्या, आणि ही आतून सगळ्यांना शिव्या घालायची, हसत हसत.

मुडबीत तिच्या माहेरी वस्तीपर्यंत खांब आलेच नव्हते. गावात उजेड आणि वस्तीत रॉकेलच्या चिमण्या. तिनं घरातला विजेचा दिवा पहिल्यांदा बघितला तो लग्न होऊन क्वार्टरमध्ये आली तेव्हा. लाइट आली की ती चटकन हात जोडायची. माझ्या अप्पांना ते खपायचं नाही. छप्पन सालानंतर आमच्या अप्पांनी देव्हारा, अंगारा, दिव्याला नमस्कार, सगळं गाठोडं बांधून मांजरा नदीत सोडून दिलं होतं, आणि बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावताना सुद्धा ती कशासाठी लावायची हे घरातल्या सगळ्यांना समजावून सांगायचे. ते म्हणाले, "सूनबाई, आता कामून दिव्याला हात जोडायलीस? त्यो गिरणीतून येतो." ती पदर सावरून म्हणाली, "दिव्याला न्हाई जोडले मामा. दिवा लावनाऱ्याला जोडले." माझी माय, सुभद्राबाई, चुलीपुढं बसून हसत होती, खोकला येईपर्यंत. आणि तीच पार्वती मला जेवू घालताना म्हणायची, "ह्या वक्ताला तुमी हितं पाटावर पायजेत. आसं येखादं यंत्र न्हाई का वो निघालं, की तुमाला हात लावायचं कामच न्हाई?" मी म्हणायचो, "निघंल की. मग मला खायाला कोण घालंल, यंत्र?" ती म्हणायची, "मी घालते. तुमी नुसतं हितं बसा." कशी बोलायची बघा. आणि मी पुढच्या घासाकडं बघत बसायचो.

हिवाळ्यात तिला कलबुर्गीला नेलं. काळजाची झडप म्हणाले. आधी का आणलं नाही म्हणाले. दम लागतो हे ती मला सांगायची आणि वर स्वतःच म्हणायची, चुलीच्या धुरानं व्हायलंय. दवाखान्यात एका संध्याकाळी लाइट गेली. सगळा वॉर्ड ओरडला. अंधारात ती माझा हात चाचपडत म्हणाली, "तुमी तर हितं हाव. मग घालवली कुनी?" आणि हसली. तिला हसायलाही दम पुरत नव्हता. मी तिचा हात एकदा दाबला. अंधार झाल्यावर एकदा. तिनंही दाबला, केसाएवढा. मला वाटलं आता ही बरी होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. लाइट होती. डोक्यावर पंखा फिरत होता. खिडकीतून एवढं ऊन आलं होतं की तिच्या नाकातली चमकी दिसत होती. ना कुणी लुकलुकलं, ना कुणी सांगितलं. मी तिचा हात दाबत राहिलो आणि नर्स म्हणाली, "काका, सोडा आता."

तेव्हापासून महिन्यातले कितीतरी दिवस मी राघोबाला दुसऱ्या कामाला धाडतो आणि संध्याकाळी स्वतः मुठीपुढं उभा राहतो. सुपरवायझरला शोभत नाही असं गुंडेराव म्हणतात, म्हणू देत. दोनदा लुकलुकवतो. काट्याकडं बघतो. काटा उठत नाही. इस्त्री फळीवर आहे, वायर गुंडाळलेली, तिनं गुंडाळली होती तशीच. मग ओढतो, श्वास घेतो, आणि अंधार झाल्यावर एकदा. कुणासाठी, ते विचारू नका. तेवढ्या क्षणापुरतं वाटतं की तिकडं कुणीतरी चुलीपुढून मान वर केली असेल. माझ्याजवळ तिचं एवढंच उरलं आहे, आणि ते त्या काळ्या मुठीत आहे. महादेवप्पाची पेटी आली की खोलीला कुलूप. म्हणून त्या दुपारी बोर्डासमोर उभं राहून मी ठरवून टाकलं : घंटी. माणूस राहू दे. गुंडेराव खूश, चेअरमन खूश, आणि कुणी मला कारण विचारणार नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला हवं ते आणि मॅनेजरला हवं ते एकच निघालं होतं.

संध्याकाळी मीच उभा राहिलो, ओढलं, शेपूट दिलं, आणि लाइट परत लावून घरी निघालो. ओळीच्या तोंडाशी राघोबाचं घर. त्याची बायको राजूबाई उंबऱ्यावर बसून जेवत होती, ताट मांडीवर. मला बघून उठायला लागली. तिचे दिवस भरत आले होते. "बस बस," म्हटलं, "एवढ्या लौकर जेवायलीस?" ती लाजली. "काका, राग नका धरू, एक सांगते. काकी गेल्यापून तुमचं शेपूट मीच बघायलेय." मी म्हटलं, "तू कामून?" "ते आलं की कळतं, आज तुमी हाव बोर्डावर, ह्येनी न्हाईत. मग मला घास जातो. ज्या दिशी शेपूट येत न्हाई, त्या दिशी ह्येनी दारात दिसंपतूर मी भाकरीला शिवत न्हाई. ह्येनला म्हटलं तुमीबी मला येक द्या, तर म्हंतेत, हट्, ते काकांचं हाय, मी कसं देऊ?" आणि मग, माझ्या तोंडाकडं बघून घाबरून, "तुमचं काय होऊ नये असंच म्हंते वो मी. रोज म्हंते." मी म्हणालो, "जेव बाई." घरापर्यंतची वाट माझ्या पायांनी कशी कापली ते पायांनाच ठाऊक. माझा उजेड. माझ्या पारूला मी हाय म्हणून पाठवलेला. आणि त्याच्याकडं डोळे लावून ही पोर बसते, आज मरायची पाळी आपल्या माणसाची नाही, ह्या काकाची आहे, एवढं कळावं म्हणून. तिचं काय चुकलं? पार्वती तिच्या जागी असती तर हेच करती. पार्वती हेच करत होती. मी मुठीत जे सांभाळत बसलो होतो ते पार्वतीचं प्रेम नव्हतं, तिचं भय होतं. तिला पाहिजे होतं ते तर ती ताटात वाढून सांगत होती : यंत्र आणा आणि तुमी हितं बसा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी म्हणालो, "आपोआप चालणारं घ्या." गुंडेराव चष्मा काढून बघायला लागले. "भीमराज, अरे घंटीनं भागत असताना?" मी म्हणालो, "घंटी ऐकायला माणूस उभा करावा लागतो साहेब. त्या जागी उभा राहून एक गेलाय. दुसरा जायची वाट बघायची आसंल तर घंटी घ्या. मग खटका वढायला तुमी या, मी शिकवतो." आवाज चढला होता. चेअरमन खाली बघत म्हणाले, "लिहून टाका, आपोआपच." एवढ्यात झालं. महादेवप्पा भला माणूस, मला व्हरांड्यात गाठून म्हणाला, "अण्णा, आणि काही पाहिजे तर सांगा, आतून जोडून देतो." मी त्याला आमची रीत सांगितली, दोन लुकलुकींची. तो म्हणाला, त्यात काय, दोन काय चार टाकू. "आणखी?" माझ्या तोंडात आलं. "अंधार झाल्यावर..." मी म्हणालो. "अंधार झाल्यावर काय?" "एकदा लावून घालवता येईल?" तो विचारात पडला. "येईल की. पण कशाला अण्णा? अंधार झाल्यावर कळवून काय उपयोग?" त्याचं खरं होतं. आणि यंत्रानं कुणाच्या वतीनं म्हणायचं, मी हाय? मी म्हणालो, "काय न्हाई. दोनच टाका."

उन्हाळा सरता सरता कपाट आलं, बसलं. काळ्या बोर्डाच्या मुठी काढल्या. कुणीतरी विचारलं, एक ठेवता का, मी नको म्हटलं. राघोबाची बदली दोरा गुंडाळायच्या खात्यात झाली. पहिल्या संध्याकाळी सगळे खोलीत जमले यंत्र बघायला आणि मी घरी आलो. पाटावर बसलो, तिनं सांगितलं होतं तिथं. माय दारात बसली होती. दिवे लागले, पंपाचा आवाज सुरू झाला, आणि माझ्याच घरातला दिवा माझ्या डोक्यावर दोनदा लुकलुकला. कुणीही न लुकलुकवता. मग अंधार. पोटात गोळा आला. मी इतकी वर्षं तिला रोज हे देत होतो. ओळीत कंदील लागायला लागले. राघोबाच्या घरातून राजूबाईचा आवाज आला, "अगं बया, माझी भाकर तव्यावर!" आणि आतून राघोबा, "मला कामून बोलायलीस? मी हितं हाय की!" दोघं हसली. त्यांचं लेकरू त्या आवाजानं रडायला लागलं.

माय अंधारात गिरणीकडं तोंड करून बसली होती. मी मेणबत्ती लावली तरी वळली नाही. तशीच म्हणाली, "तुझं ते आजून आलं न्हाई रं, भीमा."

"न्हाई यायचं माय. तिथं कुनी न्हाई आता."

"कुनीच न्हाई?"

"कुनीच न्हाई."

तिनं हातानं चाचपडत माझं डोकं शोधलं. "बरं झालं बाबा," म्हणाली. "आज माझी पारू पोटभर जेवली असती."

मी व्हय म्हणालो, आणि तिच्या मांडीत तोंड खुपसून लाइट येईपर्यंत रडलो.